ऑक्टाव्हिया आरएस : तीन-चारचं खोटं नॉकिंग, चारही सिलिंडरचं खरं

९ एप्रिल

गाडी आली. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, २० व्हॉल्व्ह, मूळची १५० हॉर्सपॉवरची. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बॉशचा एमई ७.५. मालक डॉक्टर आहेत. मॅप (ईसीयूतले ठिणगी, इंधन वगैरेंचे तक्ते) बदलून घेतलेला, बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवलेला, एअर फिल्टर बदललेला. टर्बोतून गरम होऊन आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मात्र मूळचाच, उजव्या पुढच्या चाकाच्या पुढे बसतो तो.

तक्रार अशी : तीन हजारांपर्यंत छान ओढते, साडेतीन हजारांच्या पुढे कोणीतरी मागून धरून ठेवल्यागत होते. दुपारी जास्त. इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो आणि आपोआप जातो. कोड पी ०३३२, म्हणजे दुसऱ्या नॉक सेन्सरचा सिग्नल कमी. नॉकिंग म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण स्वतःहून पेटून होणारी खडखड. ती या सेन्सरने ऐकली की ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो.

आधीच्या गॅरेजमध्ये डॉक्टरांना सांगितलं गेलं की सेन्सर विनाकारण घाबरतो, मॅपमध्ये त्याची संवेदना कमी करून टाकू, पिकअप परत येईल. डॉक्टरांनी विचारलं, "भाऊ, असं करतात का?" करतात. पण या गाडीचं मी करणार नाही. सेन्सर जे ऐकतो आहे ते खरं की खोटं, हे आधी ठरवायचं. त्याआधी त्याचे कान बंद केले आणि नॉकिंग खरं निघालं, तर पिस्टनच्या रिंगांमधली जागा तुटते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

१० एप्रिल

मोजमापाची पहिली फेरी. पहाटे निघालो, वर्धा रोडने शिवमडका, तिथून समृद्धीवर. लॅपटॉप भाच्याच्या मांडीवर. तिसरा गिअर, अडीच हजारांवरून पूर्ण थ्रॉटल, साडेपाच हजारांना सोडायचं. त्यापुढे वेग १२० च्या वर जातो आणि तिथली मर्यादा १२० ची आहे.

स्कॅनरवरच्या ०२० नंबरच्या ब्लॉकमध्ये (आकड्यांच्या गटात) चारही सिलिंडरचा रिटार्ड, म्हणजे ठिणगी किती अंश मागे घेतली ते, वेगवेगळा दिसतो. आकडे पाऊण-पाऊण अंशाच्या पायरीने येतात.

सिलिंडर १ : २.३, सिलिंडर २ : ३.०, सिलिंडर ३ : ९.०, सिलिंडर ४ : ९.८.

बूस्ट ११५ नंबरच्या ब्लॉकमध्ये पाहिला, २०६० मिलिबार. हा निरपेक्ष दाब आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, इथे हवेचाच दाब सकाळी ९७० च्या आसपास दिसत होता. तो वजा केला की जवळजवळ १.१ बार. म्हणजे बूस्ट मॅपप्रमाणे येतो आहे, उगाच चढत नाही.

आता तीन आणि चार दोघंच एवढे मागे का? या इंजिनला नॉक सेन्सर दोन. पहिला एक-दोन सिलिंडरचं ऐकतो, दुसरा तीन-चारचं. एखादा इंजेक्टर अर्धवट बंद असता तर एकच सिलिंडर कुरकुरला असता. जोडी एकत्र मागे जाते तेव्हा माझा पहिला संशय सेन्सरच्या बाजूवर. पण हा संशयच, पुरावा नाही.

डॉक्टरांनी संध्याकाळी फोनवर विचारलं की नऊ अंश म्हणजे नेमकं काय बिघडतं. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी पडावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. ती आधी पडली तर दाब योग्य जागी, म्हणजे पिस्टन नुकताच खाली निघालेला असताना शिखरावर येतो. नऊ अंश उशीर केला की जळणं लांबतं, ताकद क्रँकला मिळण्याऐवजी एक्झॉस्टमधून बाहेर जाते. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जास्त तापतात. म्हणून "ईसीयू सांभाळून घेतो आहे, चालू द्या" हाही उपाय नाही.

११ एप्रिल

प्लग काढले. तीन-चारच्या पांढऱ्या चिनी मातीवर काही नाही, स्वच्छ, फिकट तपकिरी. नऊ अंश मागे घ्यावं लागण्याइतकं नॉकिंग बरेच दिवस चाललं असतं तर तिथे बारीक काळे किंवा चमकदार ॲल्युमिनियमचे कण दिसायला हवे होते. उलट दोन नंबरवर अगदी थोडी काळी ठिपकी आहे. हे लक्षात ठेवायचं.

प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे टाकले, गॅप ०.७ मिलिमीटर. एनजीकेमध्ये आकडा वाढतो तसा प्लग थंड, काही कंपन्यांत उलट असतं. दुकानात मागताना नुसतं "सात नंबर" म्हणून भागत नाही. ३० न्यूटन-मीटरला कसले. प्लग बदलल्यावर फेरी पुन्हा घेतली, आकड्यांत सांगण्याजोगा फरक नाही.

१३ एप्रिल

पेट्रोलची परीक्षा. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी परीक्षा हीच.

टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत गाडी चालवली, मग जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल पंधरा लिटर. खरं नॉकिंग म्हणजे ठिणगीने पेटवलेल्या ज्वाळेच्या पुढे, कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून एकदम पेटणं. ऑक्टेन वाढला की ते पेटणं लांबतं. म्हणून रिटार्ड कमी व्हायलाच हवा. खडखड जर लोखंडाची असेल तर तिला टाकीत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही.

ईसीयूचं जुनं शिकलेलं पुसलं, इंजिन नीट गरम केलं, तीच वेळ, तोच रस्ता.

१ : ०.०, २ : ०.८, ३ : ९.०, ४ : ९.०.

एक-दोनचा रिटार्ड गेला. तीन-चारचा जागचा हलला नाही.

म्हणजे एकाच लॉगमध्ये (फेरीच्या नोंदीत) दोन वेगळे आजार आहेत. एक-दोनमध्ये थोडं, पण खरं नॉकिंग. तीन-चारच्या बाजूला काहीतरी वाजतं आहे, ते ज्वलन नाही. सेन्सर बहिरा केला असता तर दुसऱ्याबरोबर पहिलंही ऐकू येणं बंद झालं असतं.

१४ ला काम नाही. जयंतीच्या मिरवणुका, सगळं शहर रस्त्यावर, पार्टची दुकानंही बंद.

१५ एप्रिल

गाडी जागेवर उभी, न्यूट्रल, ०२६ ब्लॉक उघडला. यात प्रत्येक सिलिंडरमागे नॉक सेन्सरचा व्होल्टेज दिसतो. भाच्याला सांगितलं, आरपीएम हळूहळू चढव, एकदम नाही.

एक-दोनचा व्होल्टेज आरपीएमबरोबर सरळ चढत गेला. तीन-चारचा ३७०० पर्यंत त्यांच्या जोडीने, मग ३८०० च्या आसपास एकदम दुप्पट, आणि ४२०० नंतर पुन्हा खाली. परत केलं, तेच. भाचा म्हणाला, "मामा, गाडी तर उभी आहे, लोड नाही, मग नॉकिंग कुठून होऊन राहिली?" बरोबर विचारलं त्याने. बिनलोडचं नॉकिंग होत नाही. ठरावीक आरपीएमलाच जे वाजतं, ते काहीतरी ढिलं आहे आणि त्या आरपीएमला त्याची कंपनं जुळतात.

पूर्ण थ्रॉटलच्या लॉगमध्येही रिटार्ड तिथेच सुरू होत होता, ३७००–३८०० ला. पुढे साडेपाच हजारांपर्यंत तो टिकून दिसतो, कारण ईसीयू टायमिंग झटकन मागे घेतो पण परत देताना थोडं थोडं देतो. एकदा दचकला की पूर्ण ओढीत सावरत नाही. म्हणून लॉग वाचताना सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे ते नंतर. रिटार्डची पहिली पायरी कुठे पडली ते आधी पाहायचं.

ईसीयू सेन्सरचं ऐकतो ते सतत नाही. प्रत्येक सिलिंडरच्या जळण्याच्या वेळेपुरती एक खिडकी उघडतो, त्या खिडकीतल्या आवाजाची नेहमीच्या आवाजाच्या सरासरीशी तुलना करतो, आणि ठरावीक पट ओलांडली की नॉकिंग म्हणतो. या इंजिनचा बोअर ८१ मिलिमीटर. त्या मापाच्या पोकळीत नॉकिंगचा मूळ सूर गणिताने ७ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. लोखंडावर लोखंड आपटलं की त्या आवाजात सगळेच सूर असतात, ७ किलोहर्ट्झही. गाळणी लावूनही ईसीयू फसतो तो असा.

१६ एप्रिल

बॉनेट उघडून पुढच्या बाजूने हात घातला. या गाडीत सिलिंडरांना हवा वाटून देणारा इनटेक मॅनिफोल्ड रेडिएटरच्या बाजूला आणि नॉक सेन्सर त्याच्या खाली इंजिनच्या ब्लॉकवर. दिसत काहीच नाही, आरसा आणि टॉर्च लागतो.

मॅनिफोल्डला खालून आधार देणारा ब्रॅकेट हाताने हलतो आहे. दोन बोल्टपैकी एक गायब, दुसरा ढिला. ब्रॅकेटची कड ब्लॉकला घासून चकचकीत झालेली, दुसऱ्या सेन्सरपासून चार बोटांवर.

आज फक्त बोल्ट टाकून ब्रॅकेट आवळला. सेन्सरला मुद्दाम हात लावला नाही. दोन्ही कामं एकदम केली तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

न्यूट्रलमध्ये ०२६ : ३८०० ची उडी गेली. चारही रेषा आता जोडीने चढतात, फक्त तीन-चार थोड्या खाली. उडी गेली आणि तीन-चारचा सिग्नल उलट कमी आहे हे उघडं पडलं. पी ०३३२ चं कारण तेच असणार.

१७ एप्रिल

दुसरा सेन्सर काढला. बोल्ट सुटायला लांब पाइप लावावा लागला, म्हणजे कोणीतरी ताकदीने कसला होता. खाली स्प्रिंग वॉशर, आणि बैठकीवर वाळलेला गॅस्केट मेकर.

हा सेन्सर म्हणजे आतून पिझो स्फटिकाची चकती आणि तिच्यावर छोटं वजन. ब्लॉक थरथरला की वजन चकतीला दाबतं आणि व्होल्टेज तयार होतो. त्यामुळे सेन्सरची बैठक ब्लॉकच्या धातूला थेट, सपाट टेकायला हवी. मध्ये वॉशर नाही, रंग नाही, ग्रीस नाही, गोंद नाही. बोल्टचा ताण २० न्यूटन-मीटर, अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने. ढिला राहिला तर सिग्नल दुबळा, जास्त कसला तर चकतीवरचा ताण बदलून सिग्नल बिघडतो. डॉक्टर आले होते, वॉशर हातात घेऊन म्हणाले, "हे तर स्वेटरवरून स्टेथोस्कोप लावल्यासारखं झालं." अगदी तसंच.

मल्टिमीटरने दोन पिनांमध्ये रोध पाहिला, मेगाओहमच्या वर, म्हणजे आतून शॉर्ट नाही. तिसरी पिन शिल्डची, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या वायरीवरच्या आवरणाची. शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला ग्राउंड असते. कोणी हुशारी करून इंजिनकडेही ग्राउंड केली असेल तर कॉइल आणि अल्टरनेटरचा गोंगाट आत येतो. इथे तसं नव्हतं, पण कपलरजवळ वायरचं आवरण उष्णतेने कडक होऊन तडकलेलं आहे, तांबं दिसतं. सेन्सर नवा मागवला, वायर आणि कपलर त्याच्यासोबतच येतात.

१९ एप्रिल

नवा सेन्सर आला. बैठक ब्लेडने आणि मग बारीक पॉलिश पेपरने साफ, ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी. २० न्यूटन-मीटर. पहिला सेन्सरही सोडून, बैठक पाहून तेवढ्यालाच पुन्हा कसला. तो ठीक होता.

०२६ मध्ये चारही रेषा आता एकमेकींना धरून. साधं पेट्रोल भरलं, पहाटेची फेरी :

१ : २.३, २ : ३.०, ३ : २.३, ४ : ३.०.

कोड आला नाही. डॉक्टर खूश. मी अजून नाही, कारण हे उरलेले आकडे खरे आहेत.

२० एप्रिल

ठिणगी ईसीयू सांगतो त्याच क्षणी पडते का, हे तपासायचं राहिलं होतं. लेथवाले काका हिंगण्याहून आले होते, म्हणाले, "भाऊ, डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून मागे घ्या न, काहून एवढं?" जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला ते चालायचं. इथे फिरवायला काही नाही. क्रँकवर ६० दातांच्या हिशोबाचं चाक, त्यातले दोन दात गाळलेले. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयू क्रँकची स्थिती ओळखतो आणि तिथून अंश मोजतो. तरी क्रँक पुलीवरची खूण खरी आहे का हे पाहिल्याशिवाय टायमिंग लाइटला अर्थ नाही.

एक नंबरच्या प्लगच्या भोकातून डायल गेज उतरवून पिस्टनचं शिखर शोधलं. शिखरावर पिस्टन क्षणभर थांबल्यासारखा असतो, म्हणून दोन्ही बाजूंना सारख्या उतारावर खुणा करून मधला बिंदू घेतला. पुलीची खूण बरोबर निघाली.

कॉइल प्लगवरच बसते, लाइटचा चिमटा लावायला वायर नाही. कॉइल उचलून मध्ये जुन्या गाडीची हाय टेन्शन वायर जोडली, तिच्यावर चिमटा. आयडलला खूण नाचते, ते बिघाड समजू नये. आयडल स्थिर ठेवायला ईसीयू टायमिंगच मागेपुढे करतो. २५०० वर धरून वाचलं. स्कॅनरचा आकडा आणि लाइटचा आकडा एका अंशाच्या आत.

म्हणजे टायमिंग मोजणारी यंत्रणा निर्दोष. प्रश्न मॅप मागतो त्या आकड्यांचा.

२४ एप्रिल

दुपारची फेरी मुद्दाम घेतली. बाहेर ४३ अंश. सिग्नलवर थांबत थांबत शहरातून गेलो, मग बाहेर येऊन ओढ.

इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान सुरुवातीलाच ६१, ओढीच्या शेवटी ७४. रिटार्ड चारहीवर ६.० ते ७.५.

कानाने खात्री करायची होती. तांब्याची नळी एका टोकाला ठेचून, भोक पाडून ब्लॉकच्या रिकाम्या बोल्टच्या जागी बसवली, तिला रबरी होज, होज फायरवॉलमधून आत आणि कारखान्यात वापरतात त्या कर्णरक्षकात. भाचा ऐकत बसला, मी चालवली. ३४०० ला त्याने हात वर केला. लॉगमध्ये रिटार्डची पहिली पायरी तिथेच होती. हे खरं आहे, आता यात शंका नाही.

आणि एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण हीच सगळ्यात महत्त्वाची. इतके दिवस तीन-चार सिलिंडर खोट्या रिटार्डमुळे नऊ अंश मागे राहून वाचत होते. आता सेन्सर बरोबर ऐकतो आहे, म्हणून ते मॅपच्या मागणीपर्यंत जातात आणि खऱ्या नॉकिंगच्या काठावर येतात. नुसता खोटा आवाज काढून गाडी परत दिली असती तर एप्रिलमध्ये ती जास्त धोक्यात गेली असती. आधीच्या सल्ल्याप्रमाणे सेन्सर बहिरा केला असता तर चारही.

२६ एप्रिल

उजवा बंपर काढला. इंटरकूलरवर हवा आणून सोडणारा प्लॅस्टिकचा डक्ट नाही. जुन्या अपघाताच्या कामात राहून गेला असावा. फॉग लॅम्पच्या जाळीतून येणारी हवा इंटरकूलरला वळसा घालून निघून जाते. पत्र्याचं काम करणाऱ्या मामांकडून ॲल्युमिनियमचा डक्ट बनवून घेतला, कडेला फोमची पट्टी.

मिश्रणही पाहिलं. आधीच्या गॅरेजने लावलेलं वाइडबँड गेज हवा-इंधन गुणोत्तर दाखवतं, तेही शुद्ध पेट्रोलच्या १४.७ च्या हिशोबाने. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, त्याचं योग्य गुणोत्तर १३.५ च्या आसपास. गेज लॅम्डावर, म्हणजे मिळालेली हवा भागिले पूर्ण जळायला लागणारी हवा यावर, फिरवून ठेवलं. लॅम्डाला कोणतं इंधन आहे याने फरक पडत नाही, १ म्हणजे १. पूर्ण लोडला ०.८३–०.८५. मिश्रण कोरडं नाही, म्हणजे इंधन कमी पडत नाही. इंधनाची दुरुस्ती सहा-सात टक्के जास्तीकडे शिकलेली, ई-२० मध्ये तेवढी दिसायचीच. इथे अडकायचं कारण नाही. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो आणि तो उडताना हवा थंड करतो, त्यामुळे नॉकिंगच्या बाजूने ई-२० ने उलट थोडी मदतच होते. रबरी इंधन पाइप मात्र तपासून एक बदलला.

डक्टनंतर दुपारची ओढ : हवा ५२ ला सुरू, ६० ला संपली. रिटार्ड ३.८ ते ४.५.

४ मे

मॅप लिहिणाऱ्या पुण्याच्या ट्यूनरला सगळे लॉग पाठवले होते, दुपारचेही. त्याने मान्य केलं की फाइल थंड हवेत जुळवलेली आहे. नवी फाइल : जास्त लोडच्या रकान्यांत ३००० ते ४५०० मध्ये टायमिंग तीन अंश कमी, गरम हवेला टायमिंग मागे घेणारी दुरुस्ती ६० ऐवजी ४५ अंश तापमानापासून, बूस्टचं शिखर १.० बार. नॉक सेन्सरच्या उंबरठ्याला हात लावायचा नाही असं स्पष्ट कळवलं होतं. ते आकडे मूळ मॅपशी ताडून पाहिले, जसेच्या तसे आहेत.

डॉक्टर नाराज दिसले. बूस्ट कमी, टायमिंग कमी, मग पैसे कशाचे? त्यांना दोन लॉग शेजारी ठेवून दाखवले. आधी ३८०० ला मॅप १५ अंश मागायचा, त्यातले तीन-चारला नऊ परत जायचे, हातात ६. आता मॅप १२ मागतो आणि ११ च्या वर मिळतात, चारही सिलिंडरना. मग गाडी चालवून आले आणि पुढे काही विचारलं नाही.

२६ मे

कालपासून नवतपा, सगळ्यात तापणारे नऊ दिवस. डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं की अंतिम लॉग याच दिवसांत घेणार.

बाहेर ४५. शहरातून, मग समृद्धी, साधं पंपावरचं पेट्रोल. मॅनिफोल्डची हवा ५६ ते ६३.

१ : ०.८, २ : १.५, ३ : ०.०, ४ : ०.८.

दोन नंबरचा रिटार्ड अजून सगळ्यांत जास्त. ११ एप्रिलला ठिपकी त्याच प्लगवर होती. प्लग पुन्हा काढला, नवे कण नाहीत. तरी पुढच्या सर्व्हिसला चारही इंजेक्टर काढून प्रवाह मोजून घ्यायचे आहेत, दोनपासून सुरुवात. डॉक्टरांना लिहून दिलं : दर महिन्याला एक ओढ, ०२० चा लॉग पाठवा, चारही ३.० च्या वर गेले तर पेट्रोल आणि हवा पाहू, एकच जोडी गेली तर पाना घेऊन खाली पाहू. मोठा इंटरकूलर टाकायचा त्यांचा विचार आहे, तो पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हाआधी.